बांगड्यांची पेटी आणि महाराजांची मोटार

दुंदुभीराज महाराजांना नवी मोटार घ्यायची होती, आणि त्यापायी खडकपुरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता! महाराज शिंकले तरी नगारा वाजायचा, असं ते राज्य. मोटारही त्यांना तशीच हवी होती, वेशीपासून ऐकू येणारी. दिवाण नरहरपंतांनी ती मोटारी विकणाऱ्या मोतीशेठकडे शोधूनही ठेवली होती. बारा माणसं बसतील अशी, हत्तीएवढी! अडचण एकच. ती राजवाड्याकडे वळवायची तर कासार गल्लीतली दुकानं पाडावी लागणार होती.

"पाडा!" महाराज म्हणाले.

गल्लीतलं पहिलंच दुकान येसू कासारणीचं. आईच्या माघारी ती एकटी ते चालवायची, शहरातून बांगड्या आणायला टेम्पोही स्वतःच हाकायची. दुकान गेलं की पोटावर पाय! येसू तडक दरबारात शिरली.

"महाराज, मोतीशेठच्या दुकानात एक छोटी गाडी उभी हाय. विजेवर चालती, पेट्रोलवरबी चालती. ती घ्या. हातात बांगडी चढावी तशी गल्लीत शिरंल!"

"ती हायब्रिड?" दिवाणजींनी नाक मुरडलं. "दोन दगडांवर पाय ठेवणारी गाडी! राजाला शोभते का?"

"शोभते का?" महाराजांनी री ओढली. "पोरी, एकानं भागत असेल तर दुसरं कशाला? मला असं एक काम दाखव, की ज्याचं अर्धं विजेशिवाय होत नाही आणि अर्धं पेट्रोलशिवाय होत नाही. बचतीचं नाव काढायचं नाही, मी राजा आहे! उद्या सकाळी दाखवलंस तर गाडी घेतली. नाहीतर परवा गल्ली साफ!"

दरबार हळहळला. येसू मात्र गालातल्या गालात हसली.

तिच्या दुकानाला लागून चहाचं दुकान होतं, मध्ये नुसता पत्रा. रोज सकाळी दिवाणजी आणि मोतीशेठ तिथे बसून काय बोलतात, ते तिला पाठ झालं होतं. पण दिवाणाविरुद्ध कासारणीचं कोण खरं मानणार? ते महाराजांच्याच कानांवर पडायला हवं होतं. आणि महाराजांची जुनी गाडी तर आपल्या आवाजानं कोसभर आधीच दिवाणजींना सावध करायची!

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांच्या हुकमानं छोटी गाडी राजवाड्यापुढे आली. चालवायला येसू बसली. तिच्या शेजारी आधी महाराजांचं डोकं शिरलं, मग पोट, मग उरलेले महाराज. येसूनं त्यांच्या मांडीवर काचेच्या बांगड्यांची एक पेटी ठेवली.

"हे काय?"

"आता नुसत्या विजेवर जायचंय, महाराज. गाडी गप राहील. तुमची खात्री न्हाई! किणकिण झाली की खेळ खलास."

महाराजांनी श्वास रोखून पेटी धरली. जरा वेळानं कुजबुजले, "अगं, चालू कर ना गाडी!"

"महाराज, राजवाडा मागं राहिला!"

गाडी कासार गल्लीत शिरली. येसूनं ओठांवर बोट ठेवलं, तसे सगळे दुकानदार मुजरा न करता पाठ फिरवून बसले. चहाच्या दुकानामागे गाडी थांबली. मागच्या पत्र्यापलीकडून दिवाणजींचा आवाज आला.

"मोतीशेठ, तो रणगाडा महाराजांच्या गळ्यात मारा. त्यांना काय, आवाज मोठा म्हणजे माल चांगला! आणि ठरल्याप्रमाणे वर ती छोटी गाडी मला फुकट. खरी गाडी तीच!"

"पण दरबारात तर तुम्ही तिला नावं ठेवलीत?"

"नसती ठेवली तर त्यांनीच नसती का घेतली?"

पेटी थरथरू लागली. महाराजांच्या मिशा थरथरू लागल्या. आणि मग त्यांना राहवलंच नाही.

"नरहरपंऽऽत!"

पेटीतल्या साऱ्या बांगड्या एकदम किणकिणल्या! दिवाणजींच्या हातातली बशी पडली. त्यांनी मोतीशेठची मोटारसायकल ओढली आणि घाटाच्या दिशेनं धूम ठोकली.

"पकड त्याला!" महाराज ओरडले.

"पकडते की! हे कामाचं दुसरं अर्धं!"

घाट लागला. बॅटरी दमली आणि इंजिन जागं होऊन असं गरजलं, की महाराज रागच विसरले.

"अरे वा! हिला आवाज आहे की!"

एक वळण, दुसरं वळण, पेटीत खळ्ळकन आवाज! घाटमाथ्याच्या नाक्यापाशी येसूनं मोटारसायकलला मागं टाकलं आणि गाडी आडवी घातली. दिवाणजी धापा टाकत हात जोडून उभे राहिले.

"महाराज, मी... ही गाडी... राजाला..."

"चोरापाशी पोचायला वीज लागली, चोरामागं पळायला पेट्रोल!" येसू म्हणाली. "झालं का न्हाई काम, महाराज? आन् राजाला शोभती का म्हणाल, तर दिवाणजींनी सोताच पारखून ठेवलीया!"

महाराज हसले. इतके हसले, की नाक्यावरच्या शिपायाला नगाराच वाजतोय असं वाटून त्यानं सलाम ठोकला!

"गाडी घेतली! गल्लीतला दगडसुद्धा हलणार नाही! बोल येसू, आणखी काय हवं?"

येसूनं पेटीचं झाकण उघडून पाहिलं. आत एकही बांगडी धड नव्हती. पण बांगडी फुटली असं कासारीण कधी म्हणत नाही.

"महाराज, पेटीभर बांगड्या वाढवल्यात तुमी. तेवढ्या भरून द्या. आन् माझ्या टेम्पोवर एक माणूस द्या, घाटातनं सावकाश हाकणारा."

महाराजांनी हळूच दिवाणजींकडे पाहिलं.

तेव्हापासून दर बाजाराला काचेच्या बांगड्यांनी भरलेला टेम्पो घाट उतरतो. चालवायला नरहरपंत, घामाघूम. शेजारी येसू, कान टवकारून.

"पंत, किणकिण!"