संपूर्ण रेकॉर्ड वाचले

"…पण मॅडम, दुसऱ्या वर्षात असं काय आहे, जे पहिल्या वर्षात नव्हतं?"

न्यायमूर्ती सुमती हळबे यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

शनिवार होता. कोर्टाला सुट्टी. चेंबरमध्ये दोघंच होते.

विचारणारा निनाद गव्हाणे, वय पंचवीस, लातूरकडचा, विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवून आलेला. अकरा महिने तो बाईंकडे लॉ क्लार्क होता. फाइली वाचायच्या, जुने निकाल शोधायचे, प्रत्येक प्रकरणावर टिपण लिहून द्यायचं, हे त्याचं काम. मुदत महिनाअखेरीस संपत होती, आणि बाई नुकत्याच म्हणाल्या होत्या, "आणखी दोन वर्षं राहा."

ही गोष्ट मला निनादनेच सांगितली. स्वतःचा कमीपणा त्याने जरा वाढवूनच सांगितला असावा. पण बाईंचे शब्द जसेच्या तसे आहेत, असं तो शपथेवर सांगतो.

"माझ्या बरोबरची रेणुका मुंबईत मोठ्या फर्ममध्ये लागली," तो म्हणाला. "सोहम स्वतः उभा राहून युक्तिवाद करतो. मी तीन वर्षांनी बाहेर पडलो, तर त्यांच्यामागे तीन वर्षं असेन."

"हं."

"आणि बायोडेटात एक वर्ष काय, तीन वर्षं काय, ओळ एकच पडते."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "ओळ एकच पडते."

त्याला वाटलं, विषय संपला.

बाई उठल्या. कपाटातून लाल फडक्यात बांधलेला एक गठ्ठा काढून त्यांनी त्याच्यासमोर ठेवला.

"हे वाच."

निनादने वरचं नाव बघितलं. किसन खिल्लारे. विहिरी खोदणारा माणूस. खुनाचा आरोप, जन्मठेप, आणि सात वर्षं तुरुंगात काढल्यावर हायकोर्टात, बाईंपुढे आलेलं अपील.

"हे मी वाचलंय, मॅडम. आल्या आल्या पहिल्या महिन्यातलं आहे. टिपणही मीच लिहिलं होतं."

"चांगलं टिपण होतं. त्यातलं एक वाक्य तेवढं खोटं होतं."

निनाद ताठ झाला. त्याच्या लिखाणात आजवर कोणी खोट काढली नव्हती.

"कुठलं?"

बाईंनी चष्मा लावला आणि आपल्यासमोरची फाइल उघडली.

त्याने गठ्ठा उचलला आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसला.

आधी त्याने आपलं टिपण काढलं. नऊ पानं. एकेक निकाल तपासला. एकही चुकीचा नव्हता. आरोपीनेच लपवलेला कोयता काढून दिला, पंचासमोर काढून दिला, पंचनाम्यावर पंचाची सही आहे, पंचाने कोर्टात येऊन साक्षही दिली. बाकीचा पुरावा म्हणजे गावातली कुजबूज. पण कोयता पुरेसा होता. *अपिलात तथ्य नाही.*

संध्याकाळपर्यंत त्याला काही सापडलं नाही. रविवारी तो परत आला.

आता बघायचं राहिलं होतं ते लाल फडकं. अपील ऐकण्यासाठी सगळ्या कागदांची टाइप केलेली प्रत तयार होते, आणि सगळे तीच वाचतात. त्यानेही तीच वाचली होती. खालच्या कोर्टातून आलेले मूळ कागद या फडक्यात होते. त्याने गाठ सोडली. कागद पिवळे पडले होते, कडा दुमडल्या होत्या. हवालदाराचं अक्षर वेडंवाकडं. टाइप केलेल्या पानावर पाच मिनिटांत वाचून व्हायचा तो मजकूर इथे अर्धा तास खात होता.

दुपारी तीनच्या सुमारास तो कोयत्याच्या पंचनाम्याशी पोचला. खाली पंचाची सही होती. दगडू भाऊराव शेळके. गोल, वळणदार, सराईत अक्षर.

मग त्याच पंचाची कोर्टातली साक्ष आली. चार पानं. प्रत्येक पानाच्या तळाशी…

निनादने खिडकी उघडली. उजेडात पान धरलं.

प्रत्येक पानाच्या तळाशी जांभळ्या शाईत अंगठा होता.

त्याने टाइप केलेली प्रत ओढली. पंचनाम्याखाली टंकलेखकाने लिहिलं होतं, *सही/-*. साक्षीखालीही लिहिलं होतं, *सही/-*.

सही करता न येणाऱ्या माणसाची सही. म्हणजे पंचनाम्याच्या वेळी दगडू शेळके तिथे होता की नव्हता, हेच कोणाला सांगता येणार नव्हतं. आणि तो नसेल, तर कोयत्याला काय अर्थ राहिला?

निनादने आपलं टिपण पुन्हा समोर घेतलं. या वेळी खोटं वाक्य शोधावं लागलं नाही. ते सगळ्यात पहिलं होतं.

*संपूर्ण रेकॉर्ड वाचले.*

सोमवारी कोर्ट सुरू व्हायच्या आधीच तो चेंबरमध्ये शिरला. रात्रभर झोप नव्हती.

"मॅडम, हे अपील आजच घ्यायला हवं. निदान जामीन तरी… तो माणूस अजून आत आहे."

"कोण?"

"किसन खिल्लारे."

"तो घरी गेला," बाई म्हणाल्या. "तुझं टिपण आलं, त्यानंतर सोळाव्या दिवशी."

निनाद उभाच राहिला.

"आम्ही दोघा न्यायमूर्तींनी त्या आठवड्यात सलग ऐकलं. निकाल चौदा पानांचा आहे. तू तेव्हा दिल्लीला होतास, वादविवाद स्पर्धेचा परीक्षक म्हणून."

"मला कोणी सांगितलं नाही…"

"तू विचारलं नाहीस."

अकरा महिने. या काळात आपण या चेंबरमध्ये रोज आलो, रोज चहा प्यालो, नवनवी टिपणं लिहिली. आणि ज्याला आपण नऊ पानांत जन्मभर आत ठेवलं होतं, त्याचं पुढे काय झालं, हे एकदाही मनात आलं नाही. निनाद मला म्हणाला, "चूक कळली तेव्हा नाही, हे कळलं तेव्हा मला माझी लाज वाटली."

तो खुर्चीत बसला.

"तुम्हाला अंगठा पहिल्याच वाचनात दिसला?"

"दुसऱ्या."

"तुम्ही मूळ कागद दोनदा वाचता?"

"हो."

"सगळ्या प्रकरणांत?"

बाईंना प्रश्न कळला नसावा, अशा त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने नजर फिरवली. भिंतीला लागून कपाटं होती, कपाटांत लाल फडकी, आणि बाईंना न्यायाधीश होऊन एकोणतीस वर्षं झाली होती. तो मनातल्या मनात हिशेब करायला गेला आणि मध्येच थांबला.

"मग त्याच दिवशी मला का बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तुला अंगठा पाठ झाला असता. पुढच्या फाइलीत तू अंगठाच शोधत बसला असतास."

बाहेर कोणीतरी कोर्टाचं दार उघडलं. बाकं सरकवल्याचे आवाज आले.

निनादने विचारलं, "तुमच्या हातून कधी सुटलं का… असं काही?"

बाईंचा हात कागदावर होता. तो तिथेच राहिला.

"एकदा."

"सुरुवातीला?"

"नाही. सोळाव्या वर्षी."

"मग त्या माणसाचं…?"

बाईंनी त्या माणसाचं नाव सांगितलं. गाव सांगितलं. निकालाची तारीख सांगितली. तुरुंगातल्या दवाखान्यात तो वारला, ती तारीख सांगितली. त्याच्या दोन्ही मुलींची नावं सांगितली, आणि थोरली आता कुठे नांदते तेही. कागद न बघता. आवाज न बदलता.

निनाद म्हणतो, त्याने आयुष्यात देवळात जाऊन पुष्कळदा हात जोडले होते, पण ते का जोडायचे असतात, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जोडले मात्र नाहीत. हात हलतच नव्हते.

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले. शिपाई आत आला आणि बाईंचा काळा झगा घेऊन उभा राहिला.

"मॅडम," निनाद म्हणाला, "मी राहतो."

बाईंनी मान डोलावली. झगा चढवला.

"दोन वर्षं राहतो. तीन म्हणालात तर तीन. फक्त एवढं सांगा… किती वर्षांनी माणूस तयार होतो?"

बाई दारापर्यंत गेल्या होत्या. त्या मागे फिरल्या. टेबलावर आज आलेल्या नव्या अपिलांचा ढीग होता. वरचा गठ्ठा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या हातांवर ठेवला. जड होता. फडक्याची गाठ अजून कोणी सोडली नव्हती.

"हा सावकाश वाच," त्या म्हणाल्या. "आतल्या माणसाला घाई आहे."