भुंडीचा कोपरा

जनावरांचं बोलणं माणसांना कळायचं, त्या काळातली ही गोष्ट. रखमाजी चिडला की कोणालाही "डुक्कर कुठला" म्हणायचा, आणि पोटासाठी पाळायचा मात्र डुकरंच. त्याने पक्का गोठा बांधला आणि फरशीखाली मोठा खड्डा ठेवला. घाण आणि मूत फटींतून त्यात पडे आणि महिनोन्‌महिने एकत्र कुजे. त्याची वाफ वर आली की पिल्लांचे डोळे चुरचुरत.

गावकरी वासाची तक्रार घेऊन आले. रखमाजीने ऊद जाळला, खिडक्या लावून घेतल्या आणि म्हणाला, "डुकरंच ती. घाण करणारच."

म्हाताऱ्या भुंडी डुकरिणीचं डोकं फिरलं. "आम्ही झोपतो तिथं घाण करत नाही, रखमाजी. एक कोपरा ठरवतो आणि तिथंच जातो. तू तो कोपराच ठेवला नाहीस. आमच्याच घाणीवर आम्हाला झोपवलंस आणि वर नावं ठेवतोस? मूत उतारानं वेगळं जाऊ दे, घाण रोज उचल, खड्डा बाहेर ने आणि झाकून ठेव. ही वाफ इथं माझ्या पिल्लांना जाळते आणि बाहेर गेली की आभाळ तापवते. उदाने ती मरत नाही."

"आता डुक्कर मला स्वच्छता शिकवणार," म्हणत रखमाजी हसत निघून गेला.

सकाळी त्याने दार उघडलं. कोंडलेली वाफ तोंडावर आली, तसा तो खोकत उंबऱ्यातच बसला. डोळ्यांना धारा लागल्या. आत भुंडीने जपलेल्या एवढ्याशा कोरड्या जागेवर एका पिल्लाने घाण केली होती. तिने त्याला ढुशी दिली आणि रखमाजीकडे बघत म्हणाली,

"माणूस कुठला."