घळीतल्या लगोऱ्या

रानातल्या वणव्यावर नजर राहावी म्हणून एका उंच डोंगराच्या माथ्यावर पूर्वी एक लाकडी मनोरा उभारलेला होता, आणि होळीपासून मृग लागेपर्यंत त्या मनोऱ्यावर एक वृद्ध पहारेकरी राहत असे. कुठे धूर दिसला की तो टांगलेला लोखंडी रूळ बडवी. तो नाद ऐकून पायथ्याच्या वाडीतली माणसे वर येत. आग कुठे आहे, वारा कुठला आहे, हे माथ्यावरूनच कळे. म्हणून आधी सगळे मनोऱ्याखाली जमत आणि मग ओल्या डहाळ्या घेऊन आगीवर जात.

वाडीपासून मनोऱ्यापर्यंतची वाट दीड कोसाची. डोंगराच्या उघड्याबोडक्या सोंडेवरून ती वळसे घेत चढे. खुणा अगदी मोजक्या. कुठे खडकावर चुन्याचा पुसट फराटा, कुठे तीन दगडांची लगोरी. नवखा माणूस दोनदा तरी थबके.

त्या वर्षी वृद्धाच्या हाताखाली एक तरुण शिष्य काम शिकायला आला होता. पायाने चपळ, मनाने कळवळ्याचा. फाल्गुनात पहिला वणवा लागला तेव्हा वाडीची माणसे धापा टाकत वर पोचेपर्यंत सागाचा अर्धा उतार जळून गेला होता. जळत्या झाडांवर घिरट्या घालणारी पाखरे शिष्याने पाहिली आणि त्याला दोन दिवस जेवण गेले नाही.

पुढे एकदा तो पीठमीठ आणायला खाली गेला होता. परतताना सोंडेच्या डाव्या अंगाला एक अरुंद घळ थेट वर गेलेली त्याला दिसली. तोंडाशी कारवीच्या झुडपांत तीन दगड एकावर एक होते, शेवाळाने काळे पडलेले. ‘म्हणजे इथून कुणीतरी गेलेलं आहे,’ असे म्हणून तो आत शिरला. दोन्ही बाजूंना उभे कडे, पायाखाली वाळलेले गवत. चढ दमछाक करणारा होता, पण निम्म्या वेळात तो मनोऱ्याखाली उभा राहिला.

दुसरा अख्खा दिवस त्याने घळीत घालवला. ठळक दिसतील अशा अकरा लगोऱ्या रचल्या आणि संध्याकाळी मोठ्या उत्साहाने वृद्धाला सांगितले, “बाबा, आता माणसं निम्म्या वेळात वर येतील. उद्या वाडीत जाऊन सगळ्यांना वाट दाखवतो.”

वृद्धाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. “ती वाट तुला सापडली कशी?”

“तोंडाशी एक जुनी लगोरी होती.”

वृद्ध ताट सारून उठला.

सकाळी शिष्याला जाग आली तेव्हा म्हातारा जागेवर नव्हता. घळीतून दगड घरंगळल्याचे आवाज येत होते. शिष्य धावत गेला. पाहतो तो काय, दुखऱ्या गुडघ्यावर हात दाबत, एकेक पायरी बसत उतरत वृद्ध त्याच्या लगोऱ्या मोडत होता. नुसत्या पाडून थांबत नव्हता. एकेक दगड उचलून लांब भिरकावत होता.

“बाबा, हे काय चालवलंय?” शिष्याचा आवाज चढला. “ही वाट असती तर तो साग वाचला असता! तुम्हाला चढवत नाही, म्हणून दुसऱ्यांनीही चढू नये की काय?”

बोल लागण्यासारखा होता. पण वृद्धाने पुढची लगोरी मोडायला घेतली. अकरा लगोऱ्या मोडून तो घळीच्या तोंडाशी आला, कारवी बाजूला सारली आणि ते तीन काळे दगड दिसताच खाली बसला. हात पुढे केला आणि मागे घेतला.

“ही तू मोड,” तो म्हणाला. “माझ्याने होत नाही.”

“का?”

“ही मी रचलेली आहे. तुझ्या वयाचा होतो. वाट सापडली, लगोऱ्या रचल्या, वाडीत सांगून आलो. सगळ्यांनी पाठ थोपटली. चैत्रात वणवा लागला. मी रूळ बडवला. पाच जण सोंडेवरून निघाले. वाडीतलाच चांगो आणि त्याचा मेव्हणा गोमा लवकर पोचावं म्हणून घळीत शिरले. आग दूर खालच्या कुरणात होती. वारा फिरला. घळ म्हणजे चुलीचं धुराडं रे. तिच्यात आग चढत नाही, धावते. मी वरून ओरडत होतो, परत फिरा, परत फिरा. त्यांना वाटलं, मी लवकर या म्हणतोय. ते आणखी जोराने चढू लागले.”

शिष्याने घळीतून वर पाहिले.

“पण बाबा,” शिष्य हलकेच म्हणाला, “तुम्ही तर इथून सुखरूप आला होतात. मीही आलो.”

“आपण आलो त्या दिवशी आग नव्हती. आपण सुखरूप पोचलो यावरून आपलं नशीब कळतं, वाट कळत नाही. खूण ठेवणारा निघून जातो. खूण मागे बोलत राहते. ज्याला आपण कधी पाहणार नाही त्याच्याशी, आणि आपण तिथे नसू त्या दिवशी. सोंडेवर जळायला काही नाही, म्हणून वाट तिकडून आहे. अत्यंत वाईट दिवशीही जिथून माणूस जिवंत येईल, तिथेच दगडावर दगड ठेवावा. त्यानंतर मी सगळ्या लगोऱ्या मोडल्या, असं समजून होतो. पंचेचाळीस वर्षं ही इथे उभी होती.”

“आणखी असतील?”

“ठाऊक नाही. रचताना कुणी मोजतं का?”

शिष्याने वाकून ते तीन दगड उचलले आणि एकेक करून दरीत टाकले. मग म्हाताऱ्याला पाठुंगळी घेऊन तो सोंडेच्या वाटेने वर निघाला.

वैशाखात पूर्वेच्या उतारावर धूर दिसला. वृद्ध तापाने अंथरुणाला खिळला होता. रूळ शिष्यानेच बडवला. सोंडेवरून सात मुंडाशी सावकाश वळसे घेत वर येताना त्याला दिसत होती. घळ रिकामी होती. त्या दिवशी वारा फिरला नाही आणि घळीत ठिणगीसुद्धा पडली नाही. तिथून माणसे आली असती तर वेळेत पोचली असती, हे शिष्याला वरून स्वच्छ दिसत होते. तो कठड्याला धरून उभा राहिला आणि पूर्वेचे खैराचे रान डोळ्यांदेखत जळत गेले.

सातही जण आले. शिष्याने प्रत्येकाला पाणी दिले. सगळ्यांत वयस्क होता त्याने तोंड पुसत विचारले, “उशीर झाला का रे आम्हाला?”

शिष्याने धुमसत्या उताराकडे पाहिले आणि मग त्या सात चेहऱ्यांकडे.

“नाही दादा,” तो म्हणाला. “दम घ्या आधी.”