दाजींचं भारी पेट्रोल

एका गावात एक भोळा घरजावई होता. नाव जिजाबा, पण सासरी इतके दिवस राहिला की सगळं गावच त्याला दाजी म्हणायचं. "इंजिनातलं मला सगळं कळतं," तो चहाच्या गाड्यावर छाती काढून सांगायचा. "फक्त ते गाडीत कुठं असतं, तेवढं कुणीतरी दाखवा."

त्याची सासू गोदाक्का काशी करून आली. येताना गंगेच्या पाण्याचा सीलबंद गडू आणला आणि तालुक्याला भावाच्या देवघरात ठेवला. गुरुवारी मावंदं ठरलं. आधी गडूची पूजा, मग गावाला जेवण. पूजेशिवाय पंगत बसत नाही. आणि गडू आणायचा मान जावयाचा.

जावई दोन. थोरला साखर कारखान्यात फिटर. धाकटा हा.

"या खेपेला मान ह्यांना दे," जिजाबाची बायको शेवंता हटून बसली.

गोदाक्का म्हणाली, "जावईबापू, चार दिवस काही बिघडवलं नाहीत, तर गडू तुम्ही आणा."

चारच दिवस! जिजाबाला हे फारच सोपं वाटलं.

सोमवारी तो सासऱ्यांची जुनी मोपेड घेऊन पंपावर गेला.

"साधं की प्रीमियम?" पंपावरच्या बाईनं विचारलं.

"महाग कुठलं?"

"प्रीमियम."

"मग तेच. सासरची गाडी आहे."

पंपाशेजारच्या गॅरेजातला मुबारक मिस्त्री पोट धरून हसला. "दाजी, या म्हातारीला भारी पेट्रोल पाजून ती काय लग्नाची होणार आहे? जुन्याला साधंच घालायचं."

"जुन्याला साधं," जिजाबानं घोकून ठेवलं.

मंगळवारी घरी गवत कापायचं मशीन आलं. कोरं करकरीत. नवं, म्हणजे भारीच! त्यानं काठोकाठ प्रीमियम ओतलं. मशीन जरा वेळ किंचाळलं आणि दातखीळ बसल्यासारखं गप्प झालं.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "अहो, नवं-जुनं काय बघता! ह्याला साधं पेट्रोल चालतं, पण त्यात ऑइल मिसळावं लागतं. गवत कापणाऱ्याला ऑइल पाहिजे म्हणजे पाहिजे."

"गवत कापणाऱ्याला ऑइल."

बुधवारी शेजारची रंगूबाई बांधावर विळ्यानं गवत कापत होती. जिजाबानं तिच्या चहात मापून दोन झाकणं ऑइल घातलं.

"मावशी, प्या. नाहीतर जाम व्हाल."

रंगूबाईनं चहा हुंगला आणि विळा घेऊन पाठीमागं लागली. पार गॅरेजपर्यंत.

"दाजी!" मिस्त्रीनं हात जोडले. "यापुढं डोकं चालवूच नका. टाकीवर काय लिहिलंय ते वाचायचं. लिहिलंय तेच घालायचं, मनाचं काही नाही."

"लिहिलंय तेच. मनाचं काही नाही."

मिस्त्रीनं मशीन गुपचूप दुरुस्त केलं, शेवंतानं रंगूबाईला लाडू देऊन गप्प केलं, आणि गोदाक्काला काहीच कळलं नाही.

गुरुवारी जिजाबा गावातल्या भानुदासच्या टेंपोतून गडू आणायला गेला. गडू मांडीवर घेऊन, नवरदेवासारखा ताठ बसून परत निघाला. गावाजवळच्या पंपावर भानुदासनं टेंपो थांबवला.

"दाजी, मी चहा मारून येतो. टाकीचं तेवढं बघा."

जिजाबा खाली उतरला. टाकी वाचली. भानुदासनं तिच्यावर हौसेनं रंगवून घेतलं होतं: 'माझी राणी पिते गंगेचं पाणी'.

त्यानं दोनदा वाचलं.

"काय घालू?" बाईनं विचारलं.

"तुमच्याकडं मिळायचं नाही," जिजाबा म्हणाला. "मी बरोबर आणलंय."

त्यानं सील फोडलं आणि थेंब न सांडता गडू टाकीत रिकामा केला. टाकी काही भरली नाही. पण मनाचं काही नाही, म्हणून वर दुसरं काही घातलं नाही.

टेंपो वेशीपर्यंत आला, दोन उचक्या दिल्या आणि बसला.

जिजाबा चालत निघाला. वेशीवर वाट बघत थांबलेली हलगी पुढं, डोक्यावर गडू. मांडवात तीनशे माणसं पत्रावळ्या मांडून ताटकळली होती. गोदाक्कानं गडू हातात घेतला. हलका लागला. तिनं तो उलटा केला.

"पाणी कुठाय?"

"टाकीत, मामी!" जिजाबा फुलून म्हणाला. "साधं नाही, प्रीमियम नाही. थेट काशीचं घातलं!"

गोदाक्कानं पंगतीकडं पाहिलं. मग जावयाकडं.

"शेवंते, ह्यांची पिशवी भर. मी ह्यांना घेऊन परत काशीला जाते. येताना गडू तेवढा आणीन."