पितळेचा हार

कोल्हापूरच्या एका कारखान्यात पिराजी मिस्त्री लेथवर शेगडीची पितळी नोझल करायचा. या खेपेला ग्राहक कंपनीच्या निंबकरसाहेबांनी पितळेचे रॉड स्वतः निवडून पाठवले आणि निम्म्या नोझलचे आटे फाटले. साहेब तणतणत आले.

"फ्री-कटिंग पितळ आहे, लोण्यासारखं कापलं जातं! खोट आहे ती मिस्त्रीच्या हातात. त्याला आजच नारळ द्या!"

मालक गडबडले. साहेबांसाठी मागवलेला हारही अजून आला नव्हता.

"हाराचं मी बघतो," म्हणत पिराजीनं साहेबांचाच रॉड लेथला लावला. हत्यार टेकताच पितळेची लांबलचक वेटोळी निघाली. ती चिमट्यानं ताटात रचून त्यानं साहेबांपुढं धरली.

"घ्या हार. गळ्यात तेवढा घालू नका, कापंल."

"ही काय चेष्टा?"

पिराजीनं मग मागच्या खेपेचा रॉड लावला. रव्यासारखा बारीक चुरा भुरभुरला.

"ह्ये फ्री-कटिंग, साहेब. असा चुरा पडला तर आटे साफ येतात, वेटोळी निघाली की फाटतात. ह्याचा हार करायचा म्हटला तरी होत नाही. तुमच्या पितळेचा मात्र सगळ्या कंपनीला पुरंल."

साहेब गाडीत जाऊन बसले. तेवढ्यात फुलांचा हार आला. मालकांनी तो पिराजीच्या लेथला घातला.