दुसरा काटा

त्या राज्यातून लांडगे जाऊन बारा वर्षं झाली होती, पण लांडग्यांची भीती गेली नव्हती. ती घराघरांत मुक्कामाला होती. दारांना दोन-दोन कड्या होत्या, आणि ज्यांनी लांडगा कधी पाहिला नव्हता ती पिलंही त्याचं नाव निघालं की आईला बिलगत.

सगळ्यांत जास्त कड्या कोंडिबा सशाच्या दाराला होत्या. तेवढ्यानेही त्याला धीर येईना, तेव्हा त्याने घरातच एक काटेपिस्तूल बनवायला घेतलं. बांबूची नळी, जुन्या कुलपातली स्प्रिंग आणि बाभळीचे काटे. चाप ओढला की एक काटा सुटायचा आणि दुसरा आपोआप नळीत चढायचा. त्यासाठी कोंडिबा सोळा दिवस घराबाहेर पडला नाही.

एकोणिसाव्या दिवशी तो ते फडक्यात गुंडाळून तान्हाबाईकडे गेला. तान्हाबाई म्हणजे खवल्या मांजरांतली म्हातारी. वस्तीतली कुलपं तीच दुरुस्त करायची.

"काय होतंय याला?" तिने विचारलं.

"पहिला काटा सुटतो. दुसरा अर्ध्यात तिरका होऊन अडकतो."

तान्हाबाईने एकेक भाग सुटा करून पानावर मांडला. स्प्रिंग दाबून पाहिली, नळीत फुंकर मारली. सगळं जिथल्या तिथे होतं.

"घरी किती वेळा उडवलंस?"

"चाळीसेक वेळा. भिंतीवर. एकदाही अडकलं नाही."

"मग अडकलं कधी?"

"परवा सकाळी."

"तेव्हाही भिंतीवरच मारत होतास?"

कोंडिबाचे कान खाली आले. तान्हाबाई काही त्याची झडती घेत नव्हती. कुलूप अडकलं तरी ती हेच विचारायची : कधी अडकलं, किल्ली कुणाच्या हातात होती, कशी फिरवली.

"धुकं होतं," तो म्हणाला. "दाराबाहेर काहीतरी हललं."

"पहिला काटा लागला?"

"लागला."

"मग?"

"मग मी पुन्हा चाप ओढला."

तान्हाबाईचे हात थांबले. परवा सकाळी गजरा खारीच्या खांद्याला लांडगा चावला, ही बातमी तिच्याही कानावर होती. सगळी वस्ती तेच बोलत होती. कोंडिबाने स्वतः ती बातमी चौघांकडून ऐकली होती आणि चारही वेळा मान डोलावली होती.

"ती ओरडली त्याच्या आधी ओढलास, की नंतर?"

"नंतर."

"आवाज ओळखला होतास?"

कोंडिबा पानावरच्या स्प्रिंगकडे बघत राहिला. गजरा 'आई गं' म्हणाली होती. शेजारच्या झाडावरचा तो आवाज तो रोज ऐकत होता. धुक्यात तिची शेपटीही त्याला दिसली होती. आणि तरीही बोट वळलं होतं. कारण जखमी झालेली गजरा उठून सगळ्यांना सांगेल, एवढंच त्या क्षणी त्याच्या डोक्यात आलं होतं. हे त्याने अजून स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

तान्हाबाईने भाग पुन्हा जोडले, अंगणातल्या ओंडक्यावर नेम धरला आणि सलग पाच वेळा चाप ओढला. पाचही काटे लाकडात रुतले.

"यंत्रात दोष नाही. याला मागून मूठ घट्ट लागते. परवा तुझी मूठ सैल पडली असणार."

कोंडिबाने एकदम वर पाहिलं. "म्हणजे माझ्या हातालाच ते नको होतं, असं म्हणता येईल ना?"

"घामानेही मूठ सैल पडते," तान्हाबाई म्हणाली. तिने पिस्तूल फडक्यात गुंडाळून त्याच्यापुढे सरकवलं. "ती जिवंत आहे अजून. जाऊन सांग तिला."

तो तिथून सरळ गजराच्या झाडाकडे गेला. काय बोलायचं ते वाटेत त्याने तीनदा जुळवलं. ढोलीत शेजारपाजारचे जमले होते. त्याला पाहताच सगळे सरकले आणि त्यांनी त्याला गजराच्या उशाशी जागा करून दिली. तिच्या खांद्याला पळसाचं पान बांधलेलं होतं.

"कोंडिबादादा, बरं झालं आलात," ती म्हणाली. "इतके दिवस दिसला नाहीत, म्हणून कोवळा पाला घेऊन तुमच्याकडेच निघाले होते. म्हटलं आजारी असाल. दारापाशी पोचले आणि त्याने धरलं. धुक्यात काही दिसलं नाही. एक दात तेवढा जाणवला."

कोंडिबाने तोंड उघडलं. "गजराताई, तो लांडगा..."

"नका त्याचं नाव घेऊ. पोरं घाबरतात." मग तिचं लक्ष त्याच्या काखेतल्या फडक्याकडे गेलं. नळीचं टोक बाहेर आलं होतं. "हे तुम्ही घरी बनवलंत?"

"हो."

"यातून काटे सुटतात?"

"एकामागून एक," कोंडिबा म्हणाला. इतक्या हळू, की मागच्यांना ते ऐकायला पुढे वाकावं लागलं.

गजराने नळीचं टोक निरखून पाहिलं. "मला एक बनवून द्याल? हे असतं हातात, तर परवा मी अशी सापडले नसते."

"आम्हालाही द्या," मागून घूस म्हणाली. तिच्या पाठोपाठ आणखी दोघं बोलली. कुणाच्याही नजरेत संशय नव्हता. त्याच्याकडे इतक्या विश्वासाने आजवर कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्याला त्या नजरा सोसवेनात. सांगायचं ते अजूनही सांगता आलं असतं. तान्हाबाईच्या दारापासून जुळवत आणलेलं वाक्य जिभेवरच होतं.

"मुठीचं माप लागेल," तो म्हणाला.

कुणीतरी दोरा पुढे केला. गजराने हात उचलून पाहिला, पण खांद्यातून कळ आली आणि तो खाली पडला. तेव्हा कोंडिबा तिच्या चटईशेजारी गुडघ्यांवर बसला, तिचा तो दुखरा हात त्याने अलगद आपल्या हातात घेतला, आणि एकेक बोट मिटवत तिची मूठ वळवली.