बरं आहे म्हणायची वेळ

त्या खोऱ्यात कुणालाच काही दुखत नसे. निदान तसं कुणी म्हणत नसे, आणि कुणी म्हणत नाही म्हणजे दुखत नसणारच, असं सगळे धरून चालत.

याला कारण होता तथास्तु. रोज तिन्हीसांजेला तो समोरच्या कड्यामागून येई, खोऱ्यावरून एक फेरी घाली आणि आल्या वाटेनं परत जाई. त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता, कारण त्या वेळी सगळ्यांच्या माना खाली असत. तो जात असताना ज्याच्या तोंडून जे निघेल त्याला तो ‘तथास्तु’ म्हणतो आणि मग ते खरं होतं, असं जुनी मंडळी सांगत. फार पूर्वी एक कावळा ऐन तिन्हीसांजेला ‘मेलो रे मेलो’ म्हणाला होता आणि दुसऱ्या दिवशी खरंच मेला होता. तो कावळा आठ दिवसांपासून आजारी होता, एवढं मात्र ती गोष्ट सांगताना कुणी सांगत नसे.

म्हणून दिवस कलला की प्रत्येक जण आपापल्या दारात उभा राही. बिळाच्या, घरट्याच्या, ढोलीच्या तोंडाशी. आणि सगळे म्हणत, “बरं आहे.” वरून थोडा थकलेला आवाज येई, “तथास्तु.” मग दारं लागत.

पुढेपुढे ही सवय दिवसभराचीच झाली. तापाला ऊब म्हणू लागले. भुकेला हलकेपणा. जखम झाली तर फूल आलं म्हणायचं. कुणी मेलं तर तो गावाला गेला. एका पावसाळ्यात नदीनं मुंग्यांची अख्खी वस्ती नेली, तेव्हा उरलेल्या मुंग्या म्हणाल्या, अंगण मोठं झालं.

या खोऱ्यात नदीकाठच्या गोट्यांमध्ये एक टिटवी राहत होती. टिटव्यांचा आवाज जन्मतःच चिरत जाणारा, आणि सगळ्यांच्या मते अशुभ. म्हणून तिच्या आईनं तिला लहानपणीच जिभेखाली खडा धरून बोलायला शिकवलं होतं. खडा असला की आवाज बोथट होतो, गोड वाटतो. टिटवीला आता तो खडा आहे याचीही आठवण उरली नव्हती. तिचा जोडीदार थंडी सरता सरता गावाला गेला होता. घरात ती आणि तिची एकुलती पोर, इवली.

इवली दिवसभर पळे. गोट्यांवरून, वाळूतून, पाण्याच्या कडेकडेनं. एके दिवशी पळता पळता तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. टिटवीनं चोचीनं अर्धा काढला. अर्धा आतच राहिला.

दुसऱ्या दिवशी शेजारची साळूमावशी दरडीवरच्या बिळातून खाली आली. साळिंदरांच्या जातीची ती. काटे अंगावर आणि जिभेवरही.

“काय गं टिटवे, तुझी पोर आज नाचत चालतेय! कुठल्या लग्नाला निघाली?”

“पायाला फूल आलंय, मावशी.”

“अगंबाई! नशीबवान हो. आमच्या अंगाला बघ, नुसते काटेच. उमलू दे, उमलू दे.”

तोंडानं ती हे म्हणत होती, पण तिची नजर इवलीच्या पायावर खिळली होती आणि तिथून हलत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवीच्या दारात एक कोवळं मूळ पडलेलं होतं, सोलून ठेवलेलं. कुणी ठेवलं ते कुणी बोललं नाही.

पाय सुजला. मग लाल झाला. मग त्याचा लाल रंगही राहिला नाही. टिटवी उठली आणि बगळेबुवांकडे गेली.

बगळेबुवा म्हणजे खोऱ्यातले वडीलधारे. उथळ पाण्यात एका पायावर उभे राहून ते एकादशीच्या एकादशीला कथा सांगत. मनानं मऊ. त्यांच्या शब्दानं कित्येकांना झोप लागत असे.

“बुवा, इवलीच्या पायाचं…”

“फूल.”

“हो, फूल. पण ते वाढतंय.”

“फूल वाढायचंच, टिटवीबाई. तुम्ही मनात चांगलं धरा. आपण जे मनात धरतो तेच वरून येतं. मन निर्मळ ठेवा.”

“कुणाचं मन, बुवा? माझं का तिचं? ती तर अजून महिन्याचीसुद्धा नाही.”

बुवांनी डोळे मिटले. टिटवी गेली नाही.

“मागच्या एकादशीला तुम्ही त्या हत्तीची गोष्ट सांगितलीत. मगरीनं ज्याचा पाय धरला होता.”

“फार रसाळ कथा आहे ती.”

“तो पाण्यात उभा राहून काय म्हणाला?”

“त्यानं देवाला हाक मारली.”

“काय म्हणून मारली? पायाला फूल आलंय, असं म्हणाला का?”

पाण्यावर एक पान वाहत आलं, बुवांच्या पायाला अडलं आणि पुढे गेलं.

“कथेतलं वेगळं असतं, बाई,” बुवा हळूच म्हणाले. “आपण आपलं जपून बोलावं.” आणि त्यांनी वर धरलेला पाय पिसांत आणखी आत ओढून घेतला.

टिटवी घरी आली तेव्हा ऊन उतरत होतं. इवली गोट्यांच्या खळग्यात पडून होती. अंग इतकं तापलं होतं की टिटवीला पंख टेकवेना. तिची इवलीशी चोच हलत होती. टिटवीनं कान जवळ नेला.

“बरं आहे,” इवली म्हणत होती. “बरं आहे. बरं आहे. बरं आहे.”

“आता नको म्हणूस गं राणी. अजून वेळ व्हायचीय.”

“मी सकाळपासून म्हणतेय, आई.” इवलीनं डोळे उघडले. “माझं चुकतंय का? मी नीट नाही का म्हणत? माझं मन चांगलं नाही, म्हणून पाय बरा होत नाही का?”

टिटवीनं बोलायला चोच उघडली. तिच्या जिभेखाली काहीतरी टोचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला तो खडा जाणवला. लहानपणापासून तोंडात ठेवलेला, आईनं ठेवलेला, आणि तिनं स्वतःही इवलीसाठी नदीतून तसाच एक छोटासा, गुळगुळीत निवडून ठेवलेला.

तिनं तो थुंकून टाकला.

तेवढ्यात वेळ झाली. दारादारांतून माना खाली गेल्या. कड्यावरून सावली खोऱ्यावर सरकली. “बरं आहे,” ससे म्हणाले. “बरं आहे,” ढोलीतल्या पोपटांनी म्हटलं. “बरं आहे,” दरडीवरून साळूमावशी म्हणाली.

टिटवी गोट्यांवर उभी राहिली. आता आपण जे बोलू त्याला तो तथास्तु म्हणेल, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे आपणच आपल्या तोंडानं पोरीला ढकलल्यासारखं होईल. तरी तिनं मान वर केली आणि ज्या आवाजानं ती जन्मली होती, त्या आवाजात ती ओरडली.

“बरं नाहीये! माझ्या पोरीचा पाय सडतोय! ती मरायला टेकलीय, आणि मला एकटीला झेपत नाहीये!”

खोरं चिरत तो आवाज कड्यावर आदळला आणि परत आला. सशांनी कानांवर पंजे ठेवले. साळूमावशीचे सगळे काटे उभे राहिले. बगळेबुवांचा तोल गेला. आणि सगळे वरून यायच्या त्या एका शब्दाची वाट पाहू लागले.

तो शब्द आला नाही.

सावली थांबली. मग ती खाली येऊ लागली. नदीकाठच्या वाळूत पावलांचा आवाज झाला, कुणीतरी घाईनं, जवळजवळ धावत यावं तसा. टिटवीनं पाहिलं. तथास्तु म्हणजे कुणी तेजःपुंज वगैरे नव्हता. पाय धुळीनं माखलेले, दम लागलेला, हातात पानानं झाकलेली एक करवंटी.

“कुठं?” त्यानं विचारलं.

टिटवीनं दाखवलं.

तो वाळूत मांडी घालून बसला. इवलीला त्यानं मांडीवर घेतलं, आणि नखानं आतला काटा काढला. इवली किंचाळली. तिला कुणी गप्प म्हटलं नाही. पुष्कळ घाण गेली. मग त्यानं करवंटीवरचं पान सारलं. आत ताजा उगाळलेला हळदीचा लेप होता, अजून कोमट. तो त्यानं बोटानं हळूहळू पायाला लावला.

“वाचेल का?” टिटवीनं विचारलं.

“उद्याचं उद्या बघू,” तो म्हणाला. “आत्ता मी बसलोय ना.”

आणि तो खरंच बसून राहिला. टिटवी रडली. जोडीदार गेला तेव्हाचंही तिचं रडायचं राहिलं होतं, तेही ती आताच रडून घेत होती. तो मधूनमधून नुसतं “हं” म्हणत होता. इवलीचा श्वास सरळ झाला, तेव्हा तो उठला आणि गेला. करवंटी तिथंच राहिली.

तिसऱ्या दिवशी इवलीनं खायला मागितलं.

“एक बोट गेलं,” टिटवीनं विचारायला आलेल्यांना सांगितलं. “लंगडेल ती. पण आहे.” त्या खोऱ्यात कित्येक वर्षांनी एखादी गोष्ट तिच्या स्वतःच्या नावानं उच्चारली गेली होती. ऐकणारे चुळबुळले. कुणी म्हणालं, हिच्या तोंडी लागू नये. कुणी काही न बोलता उगाचच तिथं घुटमळत राहिलं. बगळेबुवांनी त्या दिवशी वर धरलेला पाय पाण्यात टेकवला. सगळ्यांना दिसलं की तो घोट्यापाशी वाकडा होता, फार जुना वाकडा. बुवा खाली बघत राहिले, पण पाय त्यांनी परत लपवला नाही.

करवंटी परत करायला हवी होती. दुसऱ्याचं भांडं वाटेत हातावर टेकवायचं नसतं, दारी नेऊन द्यायचं असतं. आणि रिकामं तर द्यायचंच नसतं, ही रीत त्या खोऱ्यातही होती. टिटवीनं करवंटीत चिमूटभर साव्याचे दाणे घातले. इवलीला बुवांपाशी ठेवलं.

“एकटी कुठं चाललीस?” साळूमावशी दरडीवरून ओरडली. “थांब, मी येते. कडा चढायचाय म्हणे! या वयात!”

खोऱ्यातलं कुणीही त्या कड्यापलीकडे कधी गेलेलं नव्हतं. वाट उभी होती. पहिल्या वळणावर साळूमावशी थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि चोरट्या आवाजात म्हणाली, “टिटवे, गुडघा दुखतोय गं माझा.”

“बसा जरा.”

“बसत नाही. सांगतेय नुसतं.” दोन पावलं गेल्यावर ती म्हणाली, “कंबरही दुखते.” मग तिला थांबवताच येईना. “डावा कान वाजतो. दाताचं तर विचारूच नकोस. आणि त्या सशिणीचा मला भारी राग येतो, हे मी कुणाला सांगितलं नाही कधी.” टिटवीला हसू आलं. मावशीलाही आलं. काटे खुळखुळेपर्यंत ती हसली.

शेवटच्या चढावर मात्र तिचं हसू ओसरलं.

“माझा थोरला,” ती म्हणाली, “गावाला नाही गेला गं. माझ्या कुशीत गेला तो. तीन दिवस कण्हत होता. आणि मी दारात उभी राहून रोज बरं आहे म्हणत होते.”

टिटवी काट्यांना न भिता मावशीच्या अंगाला लागून चालू लागली.

माथा आला. वारा लागला. दोघींनी पलीकडे वाकून पाहिलं.

पलीकडचा सगळा उतार पिवळा होता.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत गवताचं पातं नव्हतं, नुसती हळद. रोज खोऱ्यातून तशीच परत आणून ओतलेली, वाळलेली, तिच्यावर पुन्हा ओतलेली. तळाशी भेगाळून फिकी पडलेली, वर येता येता गडद होत गेलेली, आणि अगदी त्यांच्या पायांशी कालची, अजून ओली. एका बाजूला करवंट्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या, रांगेनं, खोऱ्यात दारं होती तितक्या, फक्त एक कमी. पलीकडे दगडावर कुणीतरी पाठमोरं बसून आजची हळद उगाळत होतं.

टिटवी करवंटी घेऊन पुढे झाली. साळूमावशी तिच्या मागून गेली नाही. ती उताराच्या कडेनं खाली उतरली, अवघडत बसली, आणि थोरला गेला त्या साली हळद कुठवर आली होती, ते पंजानं थर चाचपून शोधू लागली.